अस्थिसंचय

मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशीं घरचीं माणसें स्मशानांत जातात, निवालेल्या राखेवर पाणी शिंपडून उरलेलीं हाडें वेंचतात आणि तीं मडक्यांत भरून नदीकडे नेतात. ह्या विधीला अस्थिसंचय असें नांव आहे. बहुतेक सुशिक्षित गृहस्थांची हाडांशीं प्रत्यक्ष गांठ पडते ती ह्याच वेळीं. आणि म्हणूनच हाड म्हणजे कांहींतरी कोरडें, पांढरें, निर्जीव, माणूस निघून गेल्यावर मागें राहणारें, अशी समजूत मनांत घर करून बसते. ती समजूत अगदीं चुकीची आहे. चितेंतून जें हातीं लागतें तें हाड नव्हे. तें हाडांतील केवळ खनिज होय. त्यांतील तंतु, पाणी, रक्त आणि असंख्य जिवंत पेशी अग्नीनें नेलेल्या असतात. जिवंत माणसाचें हाड ओलसर असतें, गुलाबीसर असतें. त्यांत रक्त खेळतें, त्याला वेदना कळतात, तें मोडलें तर सांधतें, आणि न मोडतांही तें रोज थोडें झिजवलें जाऊन रोज थोडें नव्यानें बांधलें जातें.

मराठी भाषेनें हाडाला माणसाच्या स्वभावाचें मूळ मानलें आहे. जो मनापासून शिकवितो तो हाडाचा शिक्षक. जी संवय सुटत नाहीं ती हाडींमाशीं खिळलेली. दधीचि ऋषींच्या अस्थींपासून इंद्राचें वज्र घडलें, ही कथा तर घरोघरीं ठाऊक आहे. परंतु हाडाचा हा कणखरपणा जन्मतःच मिळतो काय? त्याचा मोठा वाटा आईबापांकडून येतो, हें खरें. पण जो वाटा माणसाच्या स्वतःच्या हातीं असतो, तोही लहान नाहीं. आणि तो हातीं असण्याचा काळ मात्र फार थोडा असतो. तो कोणता, हें समजण्यासाठीं प्रथम हाडाची घडण पाहिली पाहिजे.

हाडांत दोन द्रव्यें एकमेकांत गुंतलेलीं असतात, आणि तीं वेगळीं करून पाहणें कठीण नाहीं. कोंबडीच्या तंगडीचें स्वच्छ केलेलें हाड आठवडाभर शिरक्यांत बुडवून ठेवलें, तर आम्लानें त्यांतील चुनखडी द्रव्य विरघळतें. आकार तसाच राहतो, पण तें हाड ओल्या वादीसारखें वांकूं लागतें. उलट दुसरें हाड निखाऱ्यांत भाजलें, तर आकार तोच राहतो, पण बोटानें दाबतांच त्याचा चुरा होतो. पहिल्यांत उरले ते तंतु, दुसऱ्यांत उरलें तें खनिज. वऱ्हाडांतील खेड्यांत पऱ्हाट्या नाहींतर तुराट्या उभ्या विणून त्यांवर माती लिंपून कूड करीत असत. नुसती माती ढांसळते, नुसत्या पऱ्हाट्या वाऱ्यानें हलतात. दोन्ही मिळून भिंत होते. हाड हा असाच कूड आहे. त्यांतील पऱ्हाट्या म्हणजे कोलॅजन नांवाच्या प्रथिनाचे तंतु, आणि माती म्हणजे कॅल्शियम व फॉस्फरस ह्यांच्या संयुगाचे, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे स्फटिक. वजनाचा सुमारें दोन तृतीयांश भाग खनिजाचा. उरलेला तंतूंचा व पाण्याचा. खनिजामुळें हाड दाब सोसतें, तंतूंमुळें तें ताण सोसतें.

ह्या द्रव्याची मांडणीही मोठी काटकसरीची आहे. ज्वारीचा धांडा आडवा मोडून पाहिला तर बाहेर कठीण साल आणि आंत हलका भेंडासारखा गाभा दिसतो. मांडीचें हाड उभें कापलें तर असाच देखावा दिसतो: बाहेर घट्ट, दाट हाड, टोकांशीं आंत जाळीदार हाड, आणि मधल्या पोकळींत मज्जा. सबंध सांगाड्याच्या वजनांत दाट हाडाचा वाटा सुमारें ऐंशी टक्के आहे. हें दाट हाडही वरून वाटतें तसें भरीव नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं तें कडब्याच्या पेंढीसारखें दिसतें: शेजारीं शेजारीं उभ्या असलेल्या बारीक नळ्या, प्रत्येकीच्या मधोमध एक रक्तवाहिनी, आणि तिच्या भोंवतीं झाडाच्या खोडांतल्याप्रमाणें वलयें. इंग्लंडांतील वैद्य क्लॉप्टन हॅव्हर्स ह्यानें १६९१ सालीं ह्या वाटांचें वर्णन प्रसिद्ध केलें; म्हणून त्यांना आजही त्याचेंच नांव आहे. वलयांच्या मधल्या लहान कोनाड्यांत एकेक अस्थिपेशी बसलेली असते. ती कोंडलेली दिसते, पण एकाकी नसते. केसाहूनही बारीक अशा वाटांतून तिचे धागे शेजारणींपर्यंत पोंचलेले असतात.

जाळीदार हाडाविषयीं एक मनोरंजक गोष्ट सांगतात. १८६६ सालच्या सुमारास झुरिच येथें हर्मान फॉन मायर नांवाचे शरीरशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाच्या माथ्याचा छेद दाखवीत होते. कार्ल कुलमान नांवाचे पूल बांधणारे अभियंते तेथें होते. जाळींतील वांकड्या रेघा पाहून ते चकित झाले. कारण ओझें उचलणाऱ्या वांकड्या यारींत ताण आणि दाब ज्या रेघांनीं वाहतात, त्यांच्याशीं त्या जुळत होत्या. बर्लिनचे शस्त्रवैद्य युलिउस वुल्फ ह्यांनीं हा धागा पुढें नेला आणि १८९२ सालीं आपला सिद्धांत मांडला: हाडावर जसा भार पडतो, तशी त्याची घडण बदलते. भार वाढला तर तें दाट होतें. भार काढून घेतला तर विरळ होतें. त्या सिद्धांताच्या तपशिलांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य गोष्ट टिकून राहिली आहे.

आतां हाड बनतें कसें? सुश्रुतसंहितेंत हाडांचे पांच प्रकार सांगितले आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. नाकाकानांत आढळणाऱ्या लवचीक कुर्च्याला तेथें तरुणास्थि म्हटलें आहे. हें नांव आजच्या ज्ञानाच्या प्रकाशांत फार समर्पक वाटतें. कारण गर्भांत हातापायांचीं हाडें आधीं कुर्च्याचींच असतात. दुसऱ्या महिन्यापासून त्या कोंवळ्या सांच्यांत मधोमध खनिज सांचूं लागतें, रक्तवाहिन्या आंत शिरतात, आणि तारुण्याच्या अखेरीपर्यंत तरुणास्थीचें हळूहळू अस्थींत रूपांतर होत राहतें. लांब हाडांच्या टोकांशीं कुर्च्याची एकेक पातळ चकती शिल्लक असते. तीच मुलाची उंची वाढविते. मुलींत साधारण चौदा ते सोळा आणि मुलांत सोळा ते अठरा ह्या वयांत बहुतेक चकत्या मिटतात आणि उंची थांबते.

कवटीचीं चपटीं हाडें मात्र कुर्च्यापासून बनत नाहींत. तीं पडद्यासारख्या त्वचेंतच थेट उमटतात. जन्मसमयीं तीं पुरतीं भिडलेलीं नसतात, म्हणूनच तान्ह्या मुलाची टाळू मऊ लागते आणि तेथें नाडी उडतांना दिसते. मराठी घरांत आजी रोज तेलानें टाळू भरते. त्यांतील माया खरी आहे. पण टाळू भरते ती तेलानें नव्हे, तर कडांकडून पुढें सरकणाऱ्या हाडानें, आणि बहुधा दीड वर्षाच्या आंत. जन्मतः सुमारें पावणेतीनशें असलेले हाडांचे भाग पुढें एकमेकांस जुळून प्रौढपणीं २०६ हाडें उरतात.

उंची थांबली म्हणजे हाडाचें काम संपलें, असें मात्र नव्हे. ह्याचा पहिला सुगावा एका जेवणाच्या ताटांत लागला. १७३६ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य जॉन बेल्चियर हे चिटें रंगविणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे जेवावयास गेले असतां, डुकराच्या मांसांतील हाडें त्यांना तांबडीं दिसलीं. चौकशी करतां कळलें कीं, मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतीचा रंग काढून उरलेला कोंडा त्या जनावरांना चारीत असत. मग दुहामेल ह्या फ्रेंच संशोधकानें जनावरांना कांहीं दिवस हा रंग चारून व कांहीं दिवस बंद करून पाहिलें. हाडांत तांबडे व पांढरे असे आळीपाळीचे थर निघाले. जें नवें हाड त्या दिवसांत बनलें तेवढेंच रंगलें होतें. अर्थात् हाड थरावर थर चढवीत असतें.

पुढें सूक्ष्मदर्शकानें ह्या कामावरील मजूरही दाखविले. अस्थिभक्षक पेशी जुन्या हाडाला चिकटून आम्ल सोडतात आणि दोन-तीन आठवड्यांत लहानसा खळगा करतात. त्यांच्या मागून अस्थिजनक पेशी येऊन तंतु विणतात, त्यांवर खनिज बसतें, आणि तीन-चार महिन्यांत खळगा भरून निघतो. त्यांतील कांहीं अस्थिजनक आपल्याच बांधकामांत गाडल्या जाऊन अस्थिपेशी होतात आणि पुढें पहारेकऱ्याचें काम करतात: कोठें भार वाढला, कोठें बारीक तडा गेला, ह्याची वर्दी त्याच देतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारें दहावा भाग दर वर्षीं अशा रीतीनें बदलला जातो.

ह्या खटाटोपाचें कारण हाडाच्या कार्यांत आहे. हाडें देह तोलतात, कवटी मेंदूला आणि बरगड्या हृदयाला जपतात, स्नायूंच्या ओढीला तरफ पुरवितात; हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु हाड हें कोठारही आहे. प्रौढ देहांत सुमारें एक किलोग्रॅम कॅल्शियम असतें आणि त्यांतील नव्याण्णव टक्के हाडांत व दांतांत असतें. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचें आकुंचन आणि रक्ताचें गोठणें अवलंबून असतें. रक्तांतील प्रमाण थोडें जरी घसरलें, तरी गळ्यांतील तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथि हाक देतात आणि अस्थिभक्षक पेशी कोठार उघडतात. जेवणांत कमी पडलेलें कॅल्शियम देह अशा प्रकारें स्वतःच्याच खांबांतून उकरून काढतो. आणि त्या वेळीं कांहींच दुखत नाहीं, म्हणून घरांत कोणाच्या तें लक्षांतही येत नाहीं. ह्याशिवाय पाठीचे मणके, कटीचीं हाडें, बरगड्या आणि छातीचें हाड ह्यांच्या तांबड्या मज्जेंत रोज सुमारें वीस हजार कोटी तांबड्या रक्तपेशी जन्म घेतात. हाड हें रक्ताचें माहेरघर आहे.

भार, रक्त आणि वेदनेची जाणीव ह्या तिहींवर हाडाचें आरोग्य उभें असतें. हें ग्रंथांतूनच शिकावें लागतें असें नाहीं. अमरावतीसारख्या एका जिल्ह्यांत त्याचीं तीन ठळक उदाहरणें सांपडतात.

पहिलें उदाहरण भाराचें. अंबादासपंत व अनंतराव ह्या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं अमरावतीस श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. त्या आखाड्यांतून दंड, जोर, बैठका, लाठी, कुस्ती आणि मल्लखांब ह्यांचें शिक्षण मिळालेलीं माणसें देशभर पसरलीं. ज्या बर्लिन शहरांत वुल्फनें आपला सिद्धांत मांडला, त्याच शहरीं १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाच्या पथकानें कबड्डीसारख्या भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. आखाड्यांतील मुलांना वुल्फचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्याचा सिद्धांत मात्र त्यांच्या हाडांत उतरत होता. उडी मारून जमिनीवर येतांना, मल्लखांबावर हाताच्या आधारानें देह तोलतांना, हाड किंचित् वांकतें. त्याच्या बारीक वाटांतील द्रव हलतो आणि कोनाड्यांतील अस्थिपेशींना वर्दी मिळते. भार जितका अचानक व निरनिराळ्या दिशांनीं येईल, तितकी ही वर्दी मोठी. म्हणूनच संथ फेरफटक्यापेक्षां उड्या, धांवणें, दोरी आणि लंगडी हाडाला अधिक मानवतात.

ह्या बाबतींत वयाचें महत्त्व केवढें आहे, तें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका अभ्यासानें दाखवून दिलें. टेनिससारखे खेळ खेळणाऱ्या स्त्रियांच्या खेळणाऱ्या हाताचें हाड दुसऱ्या हाताच्या मानानें अधिक भरलेलें असतें. परंतु ज्यांनीं ऋतुप्राप्तीपूर्वीं किंवा त्या सुमारास खेळ सुरू केला, त्यांना झालेला लाभ मोठेपणीं सुरू करणाऱ्यांच्या दुप्पट वा त्याहून अधिक होता. ह्याच्या उलट टोकाचें उदाहरण अंतराळवीरांचें. तेथें वजनच जाणवत नाहीं, आणि कटीच्या भागांतील हाड दर महिन्यास एक ते दीड टक्का कमी होतें. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याचें हाडही असेंच ओसरतें.

दुसरें उदाहरण वेदनेचें. अमरावतीस लागूनच तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनीं कुष्ठरोग्यांसाठीं १९४६ सालीं तें उभें करण्यास आरंभ केला, त्या काळीं ह्या रोगानें बोटें झडतात अशी सार्वत्रिक समजूत होती. वास्तविक बोटें झडत नाहींत. रोगजंतूंमुळें मज्जातंतु बधिर होतात. मग चटका, खडा, टोंचणारी चप्पल, कांहींच कळत नाहीं. जखमेवर जखम होते, ती चिघळते, आणि आंतील हाड हळूहळू शोषलें जाऊन बोट आखूड होतें. १९४६ सालींच वेल्लोर येथें आलेले शस्त्रवैद्य पॉल ब्रँड ह्यांनीं पुढील वर्षांत हीच गोष्ट परिश्रमपूर्वक सिद्ध केली. हा रोग हाडांवर किती जुनी खूण ठेवून आहे, ह्याचा पुरावा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासांत मिळाला: राजस्थानांतील बालाथल येथें सांपडलेल्या सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. आज हा रोग औषधांनीं पूर्ण बरा होतो, आणि वेळीं उपचार झाले तर हाडांपर्यंत तो पोंचतही नाहीं. पण त्यानें शिकविलेला धडा सर्वांसाठीं आहे: वेदना ही हाडाची राखणदार आहे. मधुमेहानें पाय बधिर झालेल्या माणसाच्या पावलाचीं हाडें ह्याच कारणानें नकळत मोडतात. म्हणून अशा माणसानें रोज रात्रीं आपले तळवे डोळ्यांनीं पाहिले पाहिजेत.

तिसरें उदाहरण रक्ताचें. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या कुशींत मेळघाट आहे. तेथें आणि विदर्भाच्या इतर अनेक भागांत, निरनिराळ्या समाजांत, सिकलसेल नांवाचा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. त्यांतील तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडतांच विळ्याच्या आकाराच्या व ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. हाडांतील वाटांतही त्या अशाच अडकतात; म्हणून तेथेंही घाव बसतो. तान्ह्या मुलाचीं बोटें सुजतात, मोठ्या मुलाचीं हाडें असह्य दुखतात, आणि ऐन तारुण्यांत मांडीच्या हाडाचा गोल माथा रक्ताविना मरून खचतो. विशी-पंचविशींतील माणूस मग म्हाताऱ्यासारखा लंगडूं लागतो. आईबाप दोघेही ह्या दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. आणि वाहक तर बहुधा धडधाकट दिसतात. रक्ताची साधी तपासणी विवाहापूर्वींच करून घेतली, तर हें सर्व आधींच कळूं शकतें. ह्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू झाली आहे. पत्रिका जुळविणाऱ्या घरांनीं रक्ताची ही पत्रिकाही जुळवून पाहावी, ही अपेक्षा फार मोठी नाहीं.

हीं उदाहरणें आखाड्यांतील, आश्रमांतील आणि डोंगरांतील झालीं. पण शहरांतील सुखवस्तु घरांपुढेंही एक प्रश्न उभा आहे, आणि तो अधिक मुका आहे. मुलीच्या अंगीं आयुष्यांत जास्तींत जास्त जेवढें हाड सांचावयाचें, त्यांतील सुमारें नव्वद टक्के अठराव्या वर्षापर्यंत सांचलेलें असतें. मुलाच्या बाबतींत विसाव्या वर्षापर्यंत. तिशीच्या आंतबाहेर हा सांठा पूर्ण होतो. त्यापुढें जमा थांबते आणि खर्च हळूहळू वरचढ होऊं लागतो. स्त्रीच्या आयुष्यांत ऋतु थांबल्यावर हाडाचें रक्षण करणारा अंतःस्राव ओसरतो, आणि पहिल्या पांच-सात वर्षांत वीस टक्क्यांपर्यंत हाड जाऊं शकतें. हातीं मोठी शिल्लक असेल तर ती हा खर्च सोसते. नसेल तर पासष्टीची आजी ओल्या न्हाणींत पाय घसरून बसते आणि मांडीच्या हाडाची मान मोडते. लोक म्हणतात, पडली म्हणून मोडलें. खरें पाहतां तें हाड पन्नास वर्षांपूर्वींच मोडावयास लागलें होतें, जेव्हां ती बारा-तेरा वर्षांची होती आणि घरांत दूध आधीं भावाच्या पेल्यांत पडत होतें.

आज पेल्यांतील तो भेद पुष्कळ घरांतून गेला आहे, पण नवी अडचण आली आहे. अकोल्यांत शिकवणीच्या वर्गांसाठीं आसपासच्या जिल्ह्यांतून मुलेंमुली येऊन राहतात. पंधरा ते अठरा ह्या वयांत, म्हणजे सांठा भरण्याच्या अखेरच्या वर्षांत, त्यांचा दिवस खुर्चीवर, छपराखालीं आणि चहाबिस्किटांवर जातो. परीक्षा एक वर्ष हुकली तर पुढल्या वर्षीं देतां येते. हाडाची परीक्षा पुन्हां देतां येत नाहीं.

ह्यावर उपाय महाग नाहींत. पहिला उपाय ऊन. अन्नांतील कॅल्शियम आंतड्यांतून रक्तांत शिरावयाचें तर ड जीवनसत्त्व हवें, आणि तें त्वचेंत सूर्यकिरणांनीं तयार होतें. वऱ्हाडांत उन्हाचा तुटवडा कसला, असें कोणीही म्हणेल. परंतु त्या उन्हाच्याच धाकानें माणसें घरांत बसतात. आणि खिडकीच्या कांचेंतून उजेड येतो, ऊबही येते, पण हे उपयोगी किरण येत नाहींत. ह्यासाठीं एक सोपी खूण आहे: आपली सावली आपल्या उंचीहून आंखूड असेल, तेव्हां हे किरण पुरेसे पोंचतात. अमरावती-अकोल्यास मे महिन्यांत सकाळीं नवाच्या सुमारासच सावली इतकी आंखूड होते. तेव्हां ऊन अजून सोसण्यासारखें असतें, आणि दुपारच्या झळांत जाण्याची कांहीं गरज नसते. डिसेंबरच्या उत्तरार्धांत मात्र ऐन मध्यान्हींच सावली जेमतेम उंचीएवढी होते. म्हणून हिंवाळ्यांत कोंवळ्या उन्हापेक्षां दुपारचें ऊनच ह्या कामीं उपयोगाचें. हातपाय उघडे ठेवून कांहीं मिनिटें बसणें पुरे.

दुसरा उपाय ताटांत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणें प्रौढ माणसाला रोज सुमारें १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. शंभर ग्रॅम ज्वारींत तें तीस मिलिग्रॅमही नसतें, तेव्हां नुसत्या भाकरीवर भागणार नाहीं. पेलाभर दुधांत किंवा तितक्याच दह्यांत तें सुमारें अडीचशें मिलिग्रॅम असतें. शेवग्याचा पाला, अंबाडीची भाजी, नाचणी आणि तिळाची चटणी ह्यांची जोड दिली तर ताट बरेंच भरतें. त्यासोबत डाळ हवीच. कारण तंतु प्रथिनाचे असतात, आणि कुडाला केवळ माती असून चालत नाहीं. तंबाखू व मद्य हीं दोन्ही हाडाचीं वैरी आहेत. तिसरा उपाय अमरावतीच्या आखाड्यानें शंभर वर्षांपूर्वींच दाखविला आहे: मुलांनीं, आणि मुलांइतकेंच मुलींनीं, रोज घाम येईपर्यंत धांवावें, उड्या माराव्या, खेळावें.

ज्यांचें वय पुढें गेलें आहे, त्यांनींही निराश होऊं नये. हाड शेवटपर्यंत जिवंत असतें आणि शेवटपर्यंत हाकेला ओ देतें. भार घेऊन चालणें, जिना चढणें, खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां उठण्याचा सराव, ह्यांनीं झीज मंदावते आणि तोलही सुधारतो. न्हाणींतील शेवाळ घांसून काढणें, भिंतीला धरावयास दांडी लावणें, रात्रीं वाटेंत दिवा ठेवणें, ह्या गोष्टी औषधाइतक्याच मोलाच्या आहेत. हाडाची घनता मोजण्याची तपासणी आणि झीज रोखणारीं औषधें आज उपलब्ध आहेत. साठी उलटलेल्या स्त्रीनें वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि हाड मोडलेंच, तर घट्ट पट्ट्या आवळून, चोळून तें सांधत नाहीं. आवळल्यानें रक्त तुटून हात किंवा पाय गमावण्याची पाळी येते. हाड स्वतःच्याच बळानें सांधतें: आधीं रक्ताची गुठळी, मग मऊ कुर्चा, मग कच्चें हाड, आणि शेवटीं मूळच्यासारखें पक्कें. गर्भांत जें झालें तेंच तें पुन्हां करतें. वैद्यानें फक्त टोकें नीट जुळवून तीं स्थिर ठेवावयाचीं असतात.

मरणानंतर तिसऱ्या दिवशीं जो अस्थिसंचय होतो, तो मुलगे आणि नातवंडें करतात, आणि तो तासाभरांत आटोपतो. खरा अस्थिसंचय त्याच्या कितीतरी आधीं, आयुष्याच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत व्हावयाचा असतो. तो आईबापांनीं मुलांकडून करवून घ्यावयाचा असतो: दुधाच्या पेल्यानें, अंगणांतल्या उन्हानें आणि संध्याकाळच्या खेळानें. ज्या घरांत संध्याकाळीं मुलीला पुस्तक मिटून बाहेर खेळावयास पाठवितात, त्या घरानें तिच्या म्हातारपणाची तरतूद केली, असें खुशाल समजावें.